हनोई ते सायगोन, रेल्वेने: व्हिएतनामी न येता पाठपिशवी घेऊन प्रवास

मुंबईहून हनोईत उतरायचं, रेल्वेने दक्षिणेकडे सरकत जायचं आणि सायगोनहून, म्हणजे हो चि मिन्ह सिटीहून, परतायचं, असा हा 1726 किलोमीटरचा मार्ग. निन्ह बिन्ह, ह्यूए, दा नांग हे थांबे धरले तर दोन आठवडे निवांत पुरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्यूए आणि होइ आन भागात पुराचा पाऊस असतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात येणाऱ्या 'तेत' या नववर्षाच्या दिवसांत गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद असतात. हे दोन्ही काळ टाळा.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. एका प्रवेशाचे 25 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. गडबड होते ती नावात. पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या रकान्यांत आहे तसंच भरा, वडिलांचं नाव असेल तर तेही. जन्मतारखेतला दिवस-महिना उलटा पडला तरी विमानात चढताना अडवतात.

आता भाषेचं. व्हिएतनामी लिपी रोमन असल्यामुळे आपण वाचू शकू असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. उत्तरेत सहा सूर आहेत, अक्षरांच्या वर-खालच्या खुणांनी ते दाखवतात. सूर चुकला की शब्दच वेगळा होतो. दोन आठवड्यांत हे जमणार नाही, तेव्हा बोलायचा हट्ट सोडा आणि लिहून दाखवा. अनुवादाच्या ॲपमध्ये व्हिएतनामी भाषा घरूनच उतरवून घ्या म्हणजे नेट नसतानाही चालेल. वाक्य पाच-सहा शब्दांचं, शक्यतो इंग्रजीतून द्या. मराठी लांबलचक वाक्याचा अनुवाद भलतीकडे जातो. आलेला अनुवाद उलटा करून एकदा तपासा. हॉटेलचा पत्ता खुणांसकट जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला फुकट मिळते. तिथे अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात: 'आन्ह' म्हणजे दादा, 'ची' म्हणजे ताई, 'को' म्हणजे आत्या, 'चू' म्हणजे काका, 'एम' म्हणजे धाकटं भावंड. म्हणूनच ओळख होताच वय विचारतात. त्याशिवाय काय म्हणून हाक मारायची हेच ठरत नाही. त्यात भोचकपणा नसतो. सरळ आकडा सांगा. पंजा वर करून मनगटातून गरगर हलवला तर 'नाही' किंवा 'शिल्लक नाही'. आपली ती मान डोलावण्याची खूण तिथे कोणालाच कळत नाही.

शाकाहारी असाल तर एक शब्द घोटून जा: 'चाय', आपल्या हिंदीतल्या चायसारखाच, जरा आखूड. 'तोइ आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो. सूर सपाट ठेवा. चढा लागला तर अर्थ होतो जळणं, खाली दाबला तर पळणं. पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं वर-खाली एकही खूण नसलेली दिसली की ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी दुकान. तिथे मासळीचा रस्साही नसतो. इतरत्र नुसती 'भाजी' मागून भागत नाही, कारण 'नुअक माम' हा माशाचा आंबवलेला रस मिठासारखा सगळ्यात पडतो. 'खोंग नुअक माम' म्हणजे तो नको. अंड्याचा बान मी पाव घेतलात तरी आत कलेजीचं वाटण फासलेलं असू शकतं, विचारून घ्या. पौर्णिमेला आणि अमावास्येच्या आसपास अनेक लोक स्वतःच चाय पाळतात, त्या दिवशी जास्त पर्याय मिळतात. कालनिर्णय बघून ह्यूएचा मुक्काम त्या तारखांना धरलात तर उत्तम, कारण ते देवळांचं शहर आहे.

रेल्वेत साध्या शयनयानाच्या कप्प्यात सहा बर्थ, महागड्यात चार. सहातला सगळ्यात वरचा स्वस्त, पण त्यावर ताठ बसता येत नाही. खालच्यावर दिवसा सगळेच टेकतात. हनोई-ह्यूए 688 किलोमीटर, एक रात्र. ढकलगाडीवर भाताबरोबर मांसच असतं, म्हणून फळं आणि 'चाय' छापलेले नूडल्सचे पेले आधीच घ्या. डब्यात गरम पाण्याचा नळ असतो. ह्यूए-दा नांग टप्पा दिवसाउजेडी आणि डाव्या खिडकीशीच करा, हाय वानच्या डोंगरात समुद्र त्याच बाजूला खाली दिसतो. घोषणा समजत नाहीत, तेव्हा उतरण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीचा गजर लावून नकाशावर निळा ठिपका बघत बसा. होइ आनला रेल्वे नाही. दा नांगहून सुमारे 30 किलोमीटर, ग्रॅब या ॲपवरच्या टॅक्सीने जायचं. ग्रॅबची नोंदणी भारतातच करा, ओटीपी इथल्या नंबरवर येतो. भाडं आधी दिसतं, बोलावं काहीच लागत नाही, फक्त गाडीचा नंबर जुळवा.

पैशाचा हिशेब: तिथलं चलन डोंग, किमतीतली शेवटची तीन शून्यं झाका आणि साडेतीनने गुणा, ढोबळ रुपये आले. विक्रेता 'पन्नास' म्हणाला तर ते पन्नास हजार. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत, रात्रीच्या टॅक्सीत हमखास अदलाबदल होते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करा. एटीएमने 'रुपयांत रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा, दर वाईट असतो.

रस्ता ओलांडताना एका संथ चालीने चालत राहा, दुचाक्या वळसा घालतात. मध्येच थबकलात किंवा धावलात तर त्यांचा अंदाज चुकतो. बस-ट्रकला मात्र हे लागू नाही.

तिकिटावर शेवटचं स्थानक 'सायगोन' असंच छापलेलं असतं, हो चि मिन्ह सिटी शोधत बसू नका. उरलेले डोंग तिथेच डॉलरमध्ये बदलून घ्या, भारतात ते कोणी सहजी घेत नाही.