इलेक्टिव्हची तयारी आठ महिने आधी

इलेक्टिव्ह (स्वतः निवडलेल्या हॉस्पिटलमध्ये काही आठवडे जाऊन शिकणं) कुठे करायची यावर मेडिकलचे विद्यार्थी महिनोन्महिने खल करतात आणि कागदपत्रांना हात घालतात शेवटच्या पंधरवड्यात. गाडी अडते ती तिथेच. चार आठवड्यांतला पहिला आठवडा एका रिपोर्टची वाट पाहण्यात गेला, तर उरतं काय?

सगळ्यात जास्त वेळ खाते हिपॅटायटिस बीची लस. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. नुसता लसीचा दाखला अनेक ठिकाणी चालत नाही, अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीज मोजणारी रक्ततपासणी, मागतात. तो तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी करायचा आणि 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त यायला हवा. म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ महिने गेलेच. लहानपणी लस घेतलेल्यांचा टायटर बऱ्याचदा 10 च्या खाली येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एक बूस्टर देऊन पुन्हा तपासतात. पण त्यालाही महिना-दोन महिने लागतात.

मग माँटू टेस्ट, म्हणजे टीबीच्या संसर्गासाठी हातावर टोचून करायची तपासणी. ती 48 ते 72 तासांत वाचावी लागते, म्हणून गुरुवारी टोचून घेऊ नका. वाचायची वेळ नेमकी शनिवार-रविवारी येते. मोजायचा असतो तो हाताला लागणारा कडक फुगवटा, लाली नाही. एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा) डोस राहिला असेल तर तो माँटूच्याच दिवशी घ्या. आधीच घेऊन झाला असेल तर माँटूसाठी चार आठवडे थांबा, कारण गोवराच्या जिवंत लसीने प्रतिक्रिया दबते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

अर्ज करताना एक गोष्ट लेखी विचारा: पेशंट तपासायला मिळणार, की नुसतं बघायला? ऑब्झर्व्हरशिपमध्ये हात मागे बांधूनच उभं राहायचं असतं. मोठ्या नावाच्या ठिकाणी बघत राहण्यापेक्षा साध्या ठिकाणी रोज दोन केस स्वतः घेणं कधीही चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की सुई टोचली तर कळवायचं कोणाला. टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर ती काही तासांत सुरू व्हायला हवीत, फार तर 72 तासांत. कोर्स 28 दिवसांचा. बाहेरून आलेला विद्यार्थी संकोचाने गप्प बसतो आणि वेळ हातची जाते.

वॉर्डात दहा पेशंट वरवर बघू नका. दोन-तीन धरा आणि डिस्चार्जपर्यंत सोडू नका. राउंडच्या आधी रात्रीचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी), नवे रिपोर्ट आणि अँटिबायोटिकचा कितवा दिवस, एवढं पाहून ठेवा. बीपी फाईलमधून उतरवू नका, स्वतः घ्या. कफ दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा खोटाच वाढतो.

राउंडला शिकवणाऱ्यासमोर केस सांगताना ती तीन-चार मिनिटांत संपवा. वय, तक्रार आणि ती किती दिवसांची, हे पहिल्या वाक्यात. नंतर कामाच्या पॉझिटिव्ह (पेशंटमध्ये असलेल्या) गोष्टी आणि निदान बदलू शकतील अशाच निगेटिव्ह (नसलेल्या). दम लागत असेल तर उताणं झोपल्यावर वाढतो का, पायांना सूज आहे का, हे हवं. लहानपणी टॉन्सिल काढले होते हे नको. बहुतेकांची केस कोसळते ती शेवटी: तपासणी सांगून होते आणि पुढे शांतता. तुमचं निदान आणि दोन पर्याय बोलून मोकळे व्हा. चुकलं तर चुकलं, शिकवणाऱ्याला धरायला धागा मिळतो.

फीडबॅक दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मागा. शेवटच्या दिवशी मागितला तर "छान केलंत" एवढंच ऐकायला मिळतं. शिफारसपत्र मात्र निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, समोर जाऊन, आणि सोबत सीव्ही व तुम्ही पाहिलेल्या केसेसची यादी द्या. यादीत फक्त वय आणि निदान, पेशंटचं नाव किंवा केसपेपर नंबर कुठेही नको.