वस्तऱ्यामुळे लांबलेलं ऑपरेशन

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर आहे. म्हणजे वॉर्डात कुणी हात न धुता पेशंटला हात लावला की जिच्या कपाळाला आठ्या पडतात, ती. ऑपरेशन झालेल्यांची वहीही माझ्याकडेच असते. बहुतेक ऑपरेशनांनंतर ३० दिवस, आणि हर्नियासाठी पोटाला आतून आधार देणारी जाळी किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर ९० दिवस जखमेवर नजर ठेवायची, घरी फोन करून चौकशी करायची, हे माझं काम.

यंदा जानेवारीत निफाड तालुक्यातले एक काका हर्नियासाठी भरती झाले. द्राक्षबागायतदार, पन्नाशी ओलांडलेले. सकाळचा पहिलाच नंबर त्यांचा. ऑपरेशन थिएटरात न्यायच्या आधी तयारी बघायला गेले, गाऊन बाजूला केला, तर बेंबीपासून जांघेपर्यंत कातडी गुळगुळीत. त्यावर वस्तऱ्याचे बारीक कापे. दोन ठिकाणी रक्त सुकलेलं आणि कडेला लालसर पुरळ उठलेली.

"हे कुणी केलं?"

पुतण्या पुढे आला. शाबासकी मिळेल अशी त्याची खात्री होती. "मीच केलं ताई, काल रात्री. आजोबांच्या ऑपरेशनला दवाखान्यातच करायचे ना. म्हटलं तेवढंच तुमचं काम हलकं."

त्याचं सांगणं खोटं नव्हतं. आदल्या रात्री वस्तऱ्यानं केस काढायची पद्धत सगळीकडेच होती. पण पात्यानं कातडीवर डोळ्यांना न दिसणारेसुद्धा काप पडतात आणि रातोरात त्यांत जंतू घर करतात. म्हणून आता शक्यतो केस काढतच नाहीत. अगदी आड येत असले तर हॉस्पिटलातच क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, कापतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलंय. ते गावापर्यंत पोचवायचं कुणी, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

सर्जन आले, बघितलं आणि म्हणाले, "आज नाही करायचं." शुगरही २०० च्या वर होती, त्यामुळे भुलेच्या डॉक्टरांनीही मान डोलावली.

मग जो गोंधळ झाला! काका तिथल्या तिथे उठून बसले. "आहो, पुढच्या आठवड्यात माल तोडायचाय, व्यापारी यायचाय. सगळी जुळवाजुळव करून आलोय आन् तुम्ही ओरखड्यापायी परत पाठवता? अँटिबायोटिक देताच ना?"

हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधी देतात, म्हणजे चीर पडताना औषध रक्तात हजर असतं. पुढे आठवडाभर गोळ्या खाऊन त्याचा फायदा वाढत नाही, उलट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. सर्जननी जाळीचं सांगितलं. जाळीलाच लागण झाली तर कधीकधी पुन्हा ऑपरेशन करून ती काढावी लागते. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या काकू तेव्हा बोलल्या. "अवकाळीत मणी तडकल्यावर किती फवारलं तरी कूज थांबली का कधी? साल धड पाहिजे म्हणतायत ते." काकांनी बायकोकडे रागानं बघितलं आणि पायात चपला सरकवल्या. मी कितीही बोलले असते तरी हे मला साधलं नसतं.

काकूंना मी बाजूला बसवून सगळं सांगितलं. बिडी निदान चार आठवडे आधी बंद. बिडीनं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला ऑक्सिजन कमी मिळतो. शुगरच्या गोळ्या वेळेवर. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी साबणानं आंघोळ, धुतलेले कपडे, नखं कापलेली, अंगाला तेल नाही, पावडर नाही. वस्तरा तर नाहीच. आणि हर्निया एकदम कडक होऊन दुखायला लागला, उलट्या झाल्या, तर द्राक्षं राहू द्या, तसेच निघा. काकूंनी ते सगळं औषधाच्या पाकिटामागे लिहून घेतलं. माझ्या अनुभवात पेशंट नुसती मान हलवतो, लिहून घेते ती बायको.

मार्चअखेरीला, बाग रिकामी झाल्यावर, काका परत आले. बिडी सुटली होती, शुगर आटोक्यात होती, कातडी धड होती. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

खरा तमाशा दुसऱ्या दिवशी, भेटायच्या वेळेला. पंचवटीतली त्यांची बहीण रामकुंडाचं तीर्थ आणि गडावरचा अंगारा घेऊन आली आणि थेट पोटावरच्या पट्टीकडे वळली. काकूंनी मधेच हात धरला. "वन्सं, अंगारा कपाळाला लावा. पट्टीला हात लावायचा नाही. आन् आधी त्या बाटलीतलं चोळा हाताला." वन्संना राग आला, पण त्यांनी चोळलं. श्रद्धेवर मला बोलायचं नाही. कपाळ मोकळं आहे, तिथे काय हवं ते लावा. जखमेवर मात्र हळद, तूप, पाणी काही नको.

नवीन आलेला ज्युनिअर डॉक्टर शेजारच्या कॉटवरून सरळ काकांकडे आला तेव्हा काका पडल्या पडल्या म्हणाले, "साहेब, बाटली पायथ्याशीच आहे." पोरगं लाजलं, पण हात चोळले. पेशंटनं असं विचारणं काही जणांना उद्धटपणा वाटतो. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हाही पुष्कळांना ते रुचलं नव्हतंच. मी तर पेशंटना शिकवतेच, बेलाशक विचारा म्हणून.

घरी गेल्यावर तीन-चार दिवसांनी काकूंचा फोन आला. टाक्यांच्या बाजूला लाल दिसत होतं. पू नाही, वास नाही, दुखणं वाढलेलं नाही, ताप मोजलेला, १०० च्या आत. शिवाय त्यांनी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारून ठेवली होती, पसरते का ते कळायला. सकाळपासून रेघेबाहेर गेली नव्हती. तरी मी बोलावलंच. लाली अगदी चौकोनी, चिकटपट्टीच्या मापाची. पट्टी सोसली नव्हती, इतकंच. सर्जननी पट्टी बदलली. चार दिवस वाट बघून मग मेडिकलवरून मनानं गोळ्या आणणारे मी इतके बघितलेत, की न लागलेल्या आजारासाठी निफाडहून आलेल्या काकूंना मी चहा पाजला.

जूनअखेरीला ९० दिवसांचा फोन केला. काकांनीच उचलला.

"जखम कशीये काका?"

"जखम विसरलो ताई. थांबा, ठेवू नका. आमच्या शेजाऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात. वस्तऱ्याचं, साखरेचं मी सांगितलंय. बिडीचं ऐकत नाही, तेवढं तुम्ही बोला." आणि फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "सिस्टर, मी दिवसाला चारच ओढतो हां."

मी खुर्ची ओढून बसले.