"ईएसआय देईल ना, मग आपण कशाला?"

एप्रिल २०२२ चा शेवटचा आठवडा. भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी अकाउंट्स बघते, खोक्यांचं काम आहे, ४३ माणसं, त्यात १७ बायका. आणि छोट्या युनिटमध्ये अकाउंट्स म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहिती, पगार, हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा, बाळंतपणाच्या रजेचे पैसेही त्यातूनच मिळतात), चहावाल्याचं बिल सगळं एकाच टेबलावर.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली एक मुलगी आली. आठवा महिना चालू, डॉक्टरांनी तारीख दिलेली २० जून. सोमवारपासून म्हणजे २ मेपासून ती सुट्टीवर जाणार होती आणि त्यासाठी नवऱ्याबरोबर ईएसआयच्या ऑफिसात जाऊन आली होती. म्हणाली, "ताई, ते म्हणतात बसत नाही."

मी तारखा बघितल्या, ते बरोबरच म्हणत होते. ती आमच्याकडे १ डिसेंबर २०२१ ला लागलेली, त्याआधी ईएसआय असलेली नोकरीच नाही, जुना नंबर आहे का तेही शोधून झालं. ईएसआयमध्ये नवीन माणसाचा लाभाचा पहिला काळ साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो, शिवाय आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन हप्ता-काळात मिळून ७० दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. म्हणजे हिचं सगळं सप्टेंबरपासून सुरू होणार आणि बाळ येणार जूनमध्ये. बाळ काय हप्ता-काळ बघून येतं का.

मी तोंडपाठ उत्तर दिलं, "मग नाही मिळणार गं, सुट्टी घे, बिनपगारी." ती रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं, "दर महिन्याला माझे १०६ रुपये कापता ना ताई, मग ते कशाचे?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. रोजी ५४०, सव्वीस दिवसांचे १४,०४०, त्याचे पाऊण टक्के, १०६. मीच कापत होते.

आमच्या पीएफ-ईएसआयवाल्या कन्सल्टंटला फोन केला. तो म्हणाला, ईएसआय लागू आहे ना, मग मॅटर्निटीचा कायदा तुम्हाला लागूच नाही, विषय संपला. हे मी अकरा वर्षं ऐकत आलेय आणि पुढे सांगतही आलेय. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, जेवण तसंच ठेवलं आणि मोबाईलवर १९६१ चा मातृत्व लाभ कायदा उघडून बसले. कलम २ मध्ये कन्सल्टंट म्हणतो तेच आहे, ईएसआय असेल तिथे हा कायदा नाही. फक्त वाक्याची सुरुवात अशी आहे की ५ए आणि ५बी मध्ये दिलंय ते सोडून. आणि ५ए म्हणतं की बाई ईएसआयकडून लाभ मिळायला पात्र होत नाही तोपर्यंत तिचा या कायद्याखालचा हक्क चालूच राहतो. म्हणजे मालकाने द्यायचे. ५बी पगार ईएसआयच्या मर्यादेच्या वर गेलेल्या बायकांसाठी, ते तर आम्हाला माहितीच होतं, पण ५ए? इतकी वर्षं मी ते वाक्य अर्धंच वाचत होते.

अट एकच, तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. हजेरी काढली, पाच महिन्यांत १२० च्या वर दिवस भरत होते.

संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये गेले. माणूस वाईट नाही, दिवाळीला बोनस वेळेवर देतो, पण पैशाचा विषय निघाला की चष्मा काढून टेबलावर ठेवतो. "ईएसआयचे सव्वातीन टक्के भरतो ना आपण? मग परत आपणच का द्यायचे?" मी मोबाईल पुढे केला. दोनदा वाचलं. मग म्हणाले ठीक आहे, २६ आठवडे, सहा दिवसांचा आठवडा, १५६ दिवस, ५४० ने ८४,२४०.

म्हटलं नाही साहेब, १८२ दिवस.

"रविवारचे पण? रविवारी ती कामाला असती तरी मी दिले नसते!"

तर्क बघायला गेलं तर बिनतोड. पण माझ्या नणंदेचे मिस्टर लेबर कोर्टात वकिली करतात, त्यांना मी दुपारीच विचारून ठेवलेलं, त्यांनी सांगितलं की नेमका हाच वाद १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टात झालाय, बी. शहा यांचा खटला, मळ्यात काम करणाऱ्या बाईचा, आणि कोर्टाने आठवडा म्हणजे सात दिवस, बिनपगारी रविवार धरून, असं सांगितलं. रोजी काढायची ती आधीच्या तीन महिन्यांत भरलेल्या दिवसांवरून, आणि गुणायची सगळ्या दिवसांना. ९८,२८०. वर औषधपाण्याचा बोनस ३,५००, कारण बाळंतपणाची सोय आम्ही फुकट करत नव्हतो.

चष्मा बराच वेळ टेबलावर होता. शेवटी म्हणाले, "एकदम?" मी सांगितलं एकदम नाही, बाळंतपणाच्या आधीच्या सात आठवड्यांचे २६,४६० आगाऊ, बाकीचे बाळंतपणाचा दाखला आल्यावर ४८ तासांत. ४८ तास ऐकून ते हसलेच, आमच्याकडे चेकवर सही व्हायलाच तीन दिवस जातात. (झालंही तसंच, पाचव्या दिवशी गेले. पण गेले.)

शनिवारी तिच्याकडून नोटीस लिहून घेतली, त्यात पैसे कुणाला द्यायचे तेही लिहायचं असतं. ती म्हणाली नवऱ्याच्या खात्यात. मी म्हटलं तुझं खातं आहे ना, पगार येतो तेच, ते लिही. इथे मी जरा जास्तच बोलले असेन, असो.

मला स्वतःला २०१४ मध्ये १२ आठवडे मिळालेले, २६ झाले ते २०१७ पासून. ८४ दिवसांचं लेकरू सासूबाईंकडे देऊन कामावर आलेली बाई हे हिशोब करताना कोरडी राहत नाही, एवढंच सांगते. आणि हे सगळं तेव्हाच्या कायद्याचं, आता सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, कलमांचे नंबर बदललेत, पण ८० दिवस आणि २६ आठवडे तेच आहेत.

जूनमध्ये नवरा बर्फी घेऊन आला, मुलगी झाली. शेठनी दोन तुकडे खाल्ले.

त्याच आठवड्यात मी जुने हजेरीपट काढले. २०१९ मध्ये अशीच एक होती, कामाला लागून सहा महिने झालेले, तिलाही मीच सांगितलं होतं बसत नाही म्हणून. तिने काही विचारलं नाही, माझ्याच पेनने राजीनामा लिहून दिला. शेठना सांगितलं तर म्हणाले, मॅडम, जुनं उकरू नका. रोजी ४१० होती तेव्हा. १८२ ने गुणून ठेवलंय, ७४,६२०. नंबर लागत नाही, जालन्याकडची होती एवढंच आठवतं. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.