फायटर आणि आरसा

"डॉक्टर, माशाला शांतपणे जाऊ देण्याचं काही औषध असतं का हो?"

फोनवर त्या गृहस्थांनी नाव सांगायच्या आधी हेच विचारलं. मासा फायटर, म्हणजे बेट्टा. मुलीचा. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि मासा यांच्या गळ्यात पडला. बऱ्याच दिवसांपासून खात नाही, तळाशी पडून असतो, शेपटीच्या कडा झिजल्यात. मुलगी सुट्टीला येण्याआधी काय तो निकाल लागावा, असं त्यांना वाटत होतं. तिच्या डोळ्यांदेखत नको.

अशा वेळी मी आधी दोन गोष्टी सांगते. मासा एका डब्यात आणा, आणि टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत घट्ट झाकण लावून आणा. प्रवासात मासा डब्यातच अमोनिया सोडत राहतो, त्यामुळे डब्यातलं पाणी तपासून टाकीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय डबा काठोकाठ भरायचा नाही. बेट्टाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यानं तो वर येऊन थेट हवा घेतो. वर हवेला जागाच ठेवली नाही तर हा मासा पाण्यात असूनही गुदमरतो.

माझ्याकडे मासे कमी येतात. जे येतात ते घरातले सगळे उपाय थकल्यावर येतात, आणि त्या उपायांची पिशवीही सोबत येते. या पिशवीतून एक निळी बाटली निघाली, मिथिलीन ब्लूची. मग अँटिबायोटिकची पूड. मग 'सर्व रोगांवर' असं लिहिलेली तिसरी बाटली. माझ्या अनुभवात सर्व रोगांवर चालणारं औषध बहुधा कुठल्याच रोगावर चालत नाही, पण ते मी मनातच ठेवलं. शेवटी मिठाची पुडी. ती मात्र अजून फोडली नव्हती. "हे टाकू का, ते तुम्हाला विचारून ठरवणार होतो," ते म्हणाले.

मासा चांदीसारखा चकचकीत होता. या प्रकाराला ड्रॅगन स्केल म्हणतात. अंगावर जाड, धातूसारखे खवले आणि शेपटी लाल. लाल रंग उतरला होता, पाठीला किंचित बाक आला होता, कल्ले भराभर हलत होते. मी डबा टेबलावर ठेवून वरून पाहिलं. वरून पाहणं महत्त्वाचं. ड्रॉप्सी झालेल्या माशाचे खवले अंगापासून उचलले जातात, ते बाजूनं पाहताना सुटू शकतं, वरून सुटत नाही. इथे खवले अंगाला चिकटून होते.

"ड्रॉप्सी नाही ना? मी वाचलं, त्यात वाचत नाहीत."

"नाही. आणि ड्रॉप्सी हा एक रोग नसतो, ते लक्षण असतं."

त्यांना थोडं समजावलं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात आजूबाजूच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून पाणी सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर फेकत असतं. मूत्रपिंड थकलं की आत आलेलं पाणी आतच साठतं, पोट फुगतं, खवले उभे राहतात. ते थकण्यामागे जंतू असू शकतात, गाठ असू शकते, नुसतं म्हातारपणही असू शकतं.

वय विचारलं. "आणून अडीच वर्षं झाली." म्हणजे तीनच्या पुढे. दुकानात मिळणारा लांब परांचा नर तिथे येतो तोच सहा महिन्यांचा ते वर्षाचा होऊन. बेट्टा साधारण दोन ते चार वर्षं जगतो, क्वचित पाच. नेमकं वय जिवंत माशावरून सांगता येत नाही. माशांचं वय कानातल्या बारीक खड्यांवरच्या वलयांवरून वाचतात, पण त्यासाठी मासा आधी मेलेला असावा लागतो.

पाणी तपासलं. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम, नायट्राइट शून्य, नायट्रेट जवळपास नाही. पीएच ७.८. अमोनिया वाईट आहे हे कुणीही सांगेल. मला खटकलं ते नायट्रेट. अडीच वर्षं चालू असलेल्या टाकीत नायट्रेट असायलाच हवं. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले जिवाणू माशाच्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. अमोनिया साचलेला आणि नायट्रेट गायब, याचा अर्थ जिवाणूच उरलेले नाहीत.

"स्पंज कधी धुतला?"

"अहो, चकाचक धुतला. नळाखाली. आणि पाणी पूर्ण बदललं. औषध टाकायच्या आधी टाकी स्वच्छ हवी ना?"

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, वर निळं औषध, वर अँटिबायोटिक. या तिन्हींपैकी कुणालाही चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू यांतला फरक कळत नाही. त्यातून पीएच ७.८. अमोनियाचा विषारी भाग पीएच एक अंकानं वाढला की जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे ६.८ च्या पाण्यात हाच आकडा बराच कमी धोक्याचा ठरला असता. मासा मलूल होता, कल्ले सुजलेले होते, कारण तो स्वतःच सोडलेल्या अमोनियाच्या विषात बसला होता. आणि तो जितका मलूल झाला तितकं औषध वाढत गेलं.

इथवर प्रकार नेहमीचा होता. पण मूळ प्रश्न तसाच राहिला: औषधं सुरू व्हायच्या आधी हा खात का नव्हता?

हातमोजे घालून मी काचेच्या बारीक पट्टीनं अंगावरचा चिकट थर थोडा घेतला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिला. परजीवी नाहीत. टॉर्चच्या तिरप्या उजेडात व्हेल्व्हेट रोगाची सोनेरी भुकटी दिसते, तीही नव्हती. भूल दिली नाही. कल्ले आधीच सुजलेले, वय झालेलं, त्यात भूल म्हणजे नसता धोका. तेवढ्यात त्यांच्या बोटावरची ताजी चीर दिसली, म्हणून विषय निघाला: हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा, क्षयाच्या जंतूच्याच कुळातला जंतू माशांकडून माणसाच्या त्वचेत शिरू शकतो, गाठी येतात आणि बऱ्या व्हायला महिने लागतात. बेट्टांमध्ये या कुळातले जंतू दुर्मीळ नाहीत.

मग आरसा काढला. माशांसाठी माझ्या टेबलावर एक छोटा हातआरसा असतो. नर बेट्टाला आरसा दाखवला की त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. कल्ल्यांची झाकणं फुलवून, पर ताणून तो अंगावर येतो. आजारी, म्हातारा मासासुद्धा बहुधा निदान वळून बघतो. मी डाव्या बाजूनं आरसा धरला. काही नाही. उजव्या बाजूनं धरला. काही नाही. मासा जसा होता तसाच.

"बघा," ते हळूच म्हणाले, "राग येणंसुद्धा संपलं त्याचं."

मी आरसा खाली ठेवताना त्याची कड डब्याला लागली. मासा झटकन त्या बाजूला वळला. कल्ले फुलले, पण तोंड आरशाकडे नव्हतं, आवाजाकडे होतं.

टॉर्च घेऊन डोळे पुन्हा पाहिले. आधी मी त्यांना नुसते चकचकीत समजून पुढे गेले होते, कारण हा मासा सगळीकडूनच चकचकीत. आता बाजूनं उजेड टाकून पाहिलं तर दोन्ही डोळ्यांवर चांदीचा टणक थर होता, डोक्यावरच्या खवल्यांना लागून सलग, खिडकीवर वेल चढत जावी तसा. बुबुळ एका बाजूला चतकोर उघडं, दुसऱ्या बाजूला पूर्ण झाकलेलं. मोतीबिंदू असता तर पांढरेपणा आत, भिंगात दिसला असता. जंतूंमुळे डोळा धुरकट झाला असता तर थर मऊ, गढूळ दिसला असता. हे ते नव्हे. ड्रॅगन स्केलमध्ये माणसानं निवडून निवडून खवले जाड करत नेले, आणि काही माशांमध्ये ते डोळ्यावरही चढतात. पाळणारे याला डायमंड आय म्हणतात. नाव छान आहे, पण मासा आंधळा होतो. त्याला औषध नाही, आणि तो थर खरवडायला जाणं म्हणजे डोळाच घालवणं.

फ्रीजरमधला गोठवलेला ब्लडवर्म, म्हणजे माशांना खायला देतात ती लाल अळी, वितळवून चिमट्यात धरला आणि तोंडापासून थोडा दूर, पाण्याच्या पृष्ठभागावर हलकेच टेकवला. लहर गेली तसा मासा वळला. जवळ आला, चुकला, दुसरीकडे चावला. मी चिमटा हलवला नाही. वास घेत तो परत आला आणि या वेळी हिसकाच मारून घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

ते गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. "खातोय! अहो, हा खातोय!"

खाणं त्यानं सोडलंच नव्हतं. ते त्याला सापडत नव्हतं. पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याचा दाणा, टाकला की तो वर तरंगायचा, फिल्टरच्या ओढीनं कोपऱ्यात जायचा, भिजून तळाला जायचा आणि तिथे कुजायचा. त्यांना दिसायचं ते फक्त न खाल्लेलं अन्न.

औषधाचा कागद मी लिहिलाच नाही, याचं त्यांना नवल वाटलं. थोडं वाईटही वाटलं असावं. इतक्या लांबून आल्यावर हातात काहीतरी पडावं अशी अपेक्षा असतेच. मी लिहिलं ते असं. तिन्ही औषधं बंद. मीठही नको. आज एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं, २६ ते २७ अंश. अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज थोडं थोडं. उरलेलं औषध ओढून घ्यायला सक्रिय कोळशाची पिशवी. आमच्या निरोगी टाकीतल्या चालू स्पंजचा अर्धा तुकडा मी त्यांना दिला, म्हणजे जिवाणूंची वस्ती नव्यानं उभी राहायला आठवडे लागणार नाहीत. पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, तोही पिळून, घासून नाही.

म्हातारपणासाठीची यादी वेगळी. पाण्याची उंची १५ सेंटिमीटरवर आणा, हवेसाठी त्याला प्रत्येक वेळी वर यावं लागतं. हवेचा पंप मंद करा. लांब पर ओढत प्रवाहाशी झगडण्यात त्याची सगळी शक्ती जाते, कडाही त्यानंच फाटतात. पृष्ठभागाच्या जवळ रुंद पानांचं झाड ठेवा, त्यावर तो टेकून झोपेल. टोकदार सजावट काढा. आणि एकदा मांडलेलं हलवू नका, आंधळा मासा टाकी पाठ करतो.

"पण डॉक्टर, हा तर डबक्यातला मासा ना? त्याला एवढं कशाला?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थायलंडमध्ये, जिथे हा मासा २०१९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला, तो भातखाचरांत आणि दलदलीत राहतो. पाणी उथळ असतं हे खरं. पण ते पसरलेलं असतं, ऊबदार असतं आणि त्यात झाडं असतात. वाडग्यात यातलं फक्त उथळपण येतं.

जाताना त्यांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला, जरा वेगळ्या सुरात. वेळ आली हे ओळखायचं कसं? मी सांगितलं: अन्न तोंडाला लावूनही घेत नसेल, सरळ राहता येत नसेल, हवेसाठी वर पोचता येत नसेल, आणि यातलं काही पाणी चांगलं असूनही टिकून राहिलं, तर आणा. संडासात सोडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं नाही. आम्ही युजेनॉलनं, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या घटकानं आधी गाढ गुंगी आणतो, मग मात्रा वाढवतो, आणि कल्ले थांबल्यावरही मासा बराच वेळ त्याच पाण्यात ठेवतो, कारण कल्ले थांबणं म्हणजे हृदय थांबणं नव्हे.

ठरलेल्या वेळी काचेवर दोनदा टकटक करायची, मग त्याच कोपऱ्यात चिमटा टेकवायचा, हे त्यांनी इतकं नेमानं केलं की आठवडाभरात मासा टकटक ऐकून आपणहून कोपऱ्यात यायला लागला. व्हिडिओ आला. त्यात मासा कमी आणि त्यांचा अंगठा जास्त दिसत होता. मुलगी सुट्टीला आली, तेव्हा चिमट्यानं भरवण्यावरून दोघांत भांडणही झालं म्हणे. तिनं टाकलेला घास तो घेईना, बाबांचाच घेई.

काही महिन्यांनी ते दोघं एकत्र आले. या वेळी वरून पाहताच दिसलं, खवले उभे होते. पाणी सोबत आणलं होतं. अमोनिया शून्य, नायट्रेट १५. त्यांच्याकडून करायचं काही राहिलं नव्हतं, आणि ते त्यांना मी सांगायच्या आधीच आकड्यांवरून कळलं. मुलीनं आत थांबू का विचारलं, थांबली. नंतर तिनंच शवविच्छेदनाला होकार दिला. मूत्रपिंड पार खराब झालेलं होतं. क्षयकुळातले जंतू दाखवणारा खास रंग देऊन पाहिलं तर ते सापडले नाहीत, म्हणजे तीच टाकी पुन्हा वापरायला तशी अडचण नव्हती.

बाबांनी लगेच विचारलं, स्पंज किती दिवस मासा नसताना जिवंत राहतो.

मी म्हटलं, फार नाही, त्या जिवाणूंना अमोनिया लागतो. नवीन आणायचा असेल तर लवकर ठरवा, आणि या वेळी डोळ्याभोवतीचे खवले बघून घ्या. मुलगी म्हणाली, ड्रॅगन स्केल नकोच. बाबा म्हणाले, साधा, आखूड शेपटीचा बघू. मग दारात उभं राहून दोघं रंगावरून वाद घालायला लागले, तेव्हा मी पुढच्या मांजराला आत बोलावलं.