तुम्ही विचारलंत म्हणून: संग्रहालयातले दाकोटांचे ते पाळणे परत का देत नाही?

मिनेसोटातल्या मराठी घरांत चहाचा कप हातात आला की कुणीतरी विचारतंच, "एवढं वाईट वाटतं, तर ते पाळणे देऊन का टाकत नाही तुम्ही लोक?" मग लंडनहून 'परत आलेली' वाघनखं निघतात. ती साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी, हे मी सांगत बसत नाही.

'तुम्ही लोक' म्हणजे मी. एका संग्रहालयाच्या तळघरात दाकोटांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तूंची देखभाल करते. परतीच्या कागदावर माझी सही चालत नाही. हे उत्तर मी नऊ वर्षं देतेय. खरं आहे, पण पुरत नाही.

या पाळण्याला झोका नसतो. एक फळी, डोक्याशी वाकवलेल्या लाकडाची कमान, पायाशी टेकू आणि बाळाला गुंडाळणारे कातड्याचे पट्टे. पट्ट्यांवर साळिंदराच्या काट्यांचं काम. भरतकाम म्हणू नका; मीही पूर्वी म्हणायचे. काटा सुईत ओवत नाहीत. भिजवून दातांनी चपटा करायचा आणि स्नायूतंतूच्या दोन टाक्यांच्या रांगांमध्ये इकडून तिकडे दुमडत न्यायचा. टाका कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून फिरतो, मागून काही दिसत नाही. आमच्या पट्ट्यावर एका जागी लाल काटा संपलाय आणि नवा त्याच्या पोटात सरकवलाय, रंग जरासा फिका. रंगवलेल्या काट्यांचा घाणा संपला असावा. कार्डावर 'कर्ती अज्ञात'. चित्रकार जॉर्ज कॅटलिनने १८३५ साली मिळवलेला दाकोटा पाळणा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथेही नाव राहिलं ते चित्रकाराचं.

आता ती दुपार. एक दाकोटा आजी नातीला घेऊन आल्या होत्या. आजीला त्यांच्या भाषेत 'उन्ची' म्हणतात. मी टेबलावर फोम पसरला, निळे हातमोजे मांडले. त्यांनी मोजे पाहिलेच नाहीत. वाकून अंगठा त्या लाल जोडाकडे नेला आणि मी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "हात नका लावू. आर्सेनिक आहे."

जुन्या काळी कसर लागू नये म्हणून संग्रहालयं असल्या वस्तूंवर आर्सेनिक मारायची. आमच्या पाळण्याची चाचणी झालेली होती, निकाल फाइलमध्ये होता. आजींचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे यात बाळ ठेवता येणार नाही?"

मी म्हणाले, "मी नाही टाकलं ते."

कुणी विचारलं होतं मला? दुसरं काहीही बोलता आलं असतं. नात माझ्याकडे बघत होती. आजींनी हात मागे घेतला, शालीला पुसला. लागलेलं काहीच नव्हतं त्याला. "घरी नेलं तर आम्ही बघू काय करायचं ते," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मला वाटलं, हेच तर कारण आहे! विषारी वस्तू लहान पोरांच्या घरात कशी द्यायची? आजही हे चूक आहे असं म्हणणार नाही. पण विष आहे हे सांगणं माझं काम; घ्यायचं की नाही हे ठरवणं कुणाचं? शिवाय ज्याने ती पूड मारली, तोही जपतच होता. माझ्यासारखाच, बहुधा माझ्याच टेबलावर.

कायद्याचं म्हणाल, तर मूळ रहिवाशांच्या वस्तू परत देण्याचा कायदा १९९० चा आहे. पवित्र वस्तू आणि समूहाच्या मालकीच्या वस्तू त्यात येतात. पाळणा एका घरचा, एका आत्याने किंवा आजीने एका बाळासाठी केलेला. तो कुठल्या रकान्यात घालायचा यावर बैठका चालतात. अमेरिकेशी झालेल्या १८६२ च्या युद्धानंतर ज्या दाकोटांना मिनेसोटातून हाकललं, त्यांनी कुठल्या घरची पावती जपून ठेवायची होती?

जाताना आजी त्या लाल जोडापाशी पुन्हा थांबल्या. "इथे बाळ रडलं असेल," त्या म्हणाल्या, "उठून परत बसली ती, हे करणारी." माझ्या अहवालात तिथे 'रंगभेद, जोड' असं आहे. मी ते अजून बदललेलं नाही.