शजरा खरा की जोडलेला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच असतो. ‘आमच्या घरात शजरा आहे, नावं पार पैगंबरांपर्यंत जातात. खरा मानायचा का?’

आधी तो शजरा कसला आहे ते बघा. शजरा म्हणजे झाड. बापलेकांच्या वंशावळीला शजरा म्हणतात आणि सूफींच्या गुरुपरंपरेलाही शजराच म्हणतात, त्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्या लगेच पुढे हसन बसरी हे नाव असेल, तर तो कागद गुरुपरंपरेचा आहे. हसन बसरी (मृत्यू 728) अलींचे मुलगे नव्हते. त्यांचे वडील मुक्त झालेले गुलाम होते. चिश्ती परंपरा त्यांच्यावरून उतरत अजमेरचे मोईनुद्दीन, दिल्लीचे निजामुद्दीन आणि तिथून आपल्या खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीबांपर्यंत येते. इथे पुढचं नाव शिष्याचं, मुलाचं नव्हे.

कागद बापलेकांचाच निघाला, तर पिढ्या मोजा. जुना अडाखा आहे, शंभर वर्षांना तीन पिढ्या. अलींचे मुलगे, म्हणजे पैगंबरांचे नातू, इमाम हुसैन करबलाला 680 मध्ये मारले गेले, म्हणजे आजपर्यंत साडेतेराशेच्या आसपास वर्षं झाली. चाळीसएक नावं हवीत. पस्तीस असली किंवा पंचेचाळीस असली तरी हरकत नाही, बावीसच असली तर मधली गळाली आहेत. हा हिशेब इतिहासकार इब्न खल्दूनने (1332–1406) स्वतःच्याच घराण्याला लावला होता. मूळपुरुष खल्दूनपर्यंत त्याला दहाच नावं ठाऊक होती आणि खल्दून अंदलुसात (आजच्या स्पेनकडे) आला तो मुस्लिमांनी ते जिंकलं त्या काळात, मधे सातशे वर्षं. सात त्रिक एकवीस. म्हणजे जवळपास आणखी दहा नावं सुटली असावीत, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं. आपल्या घराण्याबद्दल असं लिहायला छाती लागते.

नावं कमी भरली म्हणजे लबाडीच झाली, असं मात्र नाही. ‘मुहम्मद बिन अली बिन मुहम्मद बिन अली’ अशी ओळ नकलून काढताना नजर पहिल्या ‘अली’वरून दुसऱ्यावर घसरते आणि दोन पिढ्या जागीच उडतात. तीच तीच नावं आळीपाळीने ठेवणाऱ्या घराण्यांत हे हमखास होतं.

मग अरुंद वाटा तपासा. करबलानंतर हुसैन यांचा वंश एकट्या अली झैनुल आबिदीन यांच्यापासून चालला. हुसैनी म्हणवणाऱ्या शजऱ्यात ते नसतील तर तो तिथेच अडला. हसनी शजरा हुसैन यांच्या भावाच्या, म्हणजे हसन यांच्या, झैद किंवा हसन मुसन्ना या मुलांमधूनच यायला हवा. मूसवी, रिझवी, नक्वी ही नावं हुसैन यांच्याच वंशातले इमाम मूसा काझिम, अली रझा आणि अली नकी यांच्यावरून पडली, तेव्हा ती ती व्यक्ती साखळीत दिसली पाहिजे. सिद्दीकी आणि फारुकी वंश अबू बक्र व उमर यांचे. पैगंबरांच्या कुरैश टोळीतले खरे, पण सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या मुलीचे वंशज, नव्हेत.

नुसत्या आडनावावर तर अजिबात विसंबू नका. हदीस संकलक इमाम बुखारींच्या (810–870) नावात ‘जूफी’ आहे, जूफी हे अरब कुळ. पण त्यांचे पणजोबा मुघीरा यांनी त्या कुळातल्या माणसाच्या हस्ते इस्लाम स्वीकारला, म्हणून ते नाव लागलं. या नात्याला ‘वला’ म्हणतात. रक्ताचा संबंध नाही.

इतकी जोडाजोड का झाली? वंशावळ पैशाचा कागद होता. खलिफा उमरनी दीवान, म्हणजे वर्षासनाचं दफ्तर, बसवला, तेव्हा त्यातली यादी पैगंबरांशी असलेल्या नात्याच्या क्रमाने लागली. पुढे सय्यदांचे जन्ममृत्यू नोंदवायला ‘नकीब’ नेमले गेले. उस्मानी (ऑटोमन) राज्यात सय्यदांना करात सवलत होती, साहजिकच खोटे सय्यद हुडकणं हे नकीबाचं कामच होऊन बसलं. अर्थात सह्याशिक्के पाहूनही हुरळून जाऊ नका. 1011 मध्ये बगदादच्या खलिफाने कैरोच्या फातिमी घराण्याचा वंश खोटा असल्याचं जाहीर केलं आणि त्यावर शरीफ रझी व शरीफ मुर्तझा या नामांकित अलीवंशीय भावांच्याही सह्या होत्या. कैरो आणि बगदादची तेव्हा सत्तेची झुंज चालू होती, हे ध्यानात ठेवूनच तो कागद वाचायचा.

पैगंबरांचे पूर्वज अदनान यांच्या वरची नावं मोजूच नका. पैगंबरांपासून अदनानपर्यंतची एकवीस नावं सगळे मानतात, त्यापुढे दोन वंशावळी जुळत नाहीत. आदमपर्यंत नेलेला शजरा लांब दिसतो, इतकंच. आणि डीएनए चाचणीचं म्हणाल, तर ताडून बघायला पैगंबरांच्या काळातला खात्रीचा नमुनाच उपलब्ध नाही.

शजऱ्याचा वरचा भाग बहुधा ग्रंथांतून उतरवलेला असतो, म्हणून बरोबर. खालच्या चारपाच पिढ्या घरच्यांना तोंडपाठ, म्हणून त्याही बरोबर. घोळ असतो मधल्या सांध्यात. तेव्हा खालून सुरुवात करा. निकाहनामा, इनामाची सनद, कबरीवरचा शिलालेख, जे सापडेल त्यावरून प्रत्येक नावापुढे हिजरी साल टाकत वर चढा. जिथे साल मिळेनासं होतं तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि वरचं नाव तसंच राहू द्या. जुने नसबकार, म्हणजे वंशावळी लिहिणारे, अशा नावापाशी ‘फी सह्ह’ लिहीत, म्हणजे तपासणी बाकी.