घाटमाथ्यावरचं घर पुन्हा बांधताना

महाबळेश्वर तालुक्यातलं आमचं गाव कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगराच्या अंगावर वसलंय. तिथलं पाच खणांचं घर आजोबांनी बांधलेलं; खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, आत माजघर, कडेला गोठा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, त्या रात्री घरामागचा दगडी ताल, म्हणजे डोंगराची माती अडवणारा बांध, ढासळला आणि चिखल न्हाणीच्या दारापर्यंत आला. घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली ती त्याच पावसात. आईला घेऊन आम्ही रात्रभर शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून होतो. सकाळी दादा म्हणाला, डागडुजी बास झाली, आता नवंच बांधू.

२००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आहे, त्यामुळे कागदपत्रांत बराच काळ गेला. त्याबद्दल इतकंच सांगतो: जुन्या घराची गावठाणातली नोंद, घरपट्टीच्या पावत्या आणि मोजणीचा नकाशा आधी हाताशी ठेवा.

पहिला आराखडा शहरातल्या एका कार्यालयाकडून करून घेतला. चित्र देखणं होतं. डोंगर कापून केलेली सपाट जागा, मागे काँक्रीटची उंच भिंत, उतरत्या स्लॅबवर चिकटवलेली कौलं आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. आमचे गवंडी आबा सत्तरीचे. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि मागच्या चढाकडे बोट करून म्हणाले, "हितनं पाणी येतंय. भित घातली म्हणून ते थांबतंय व्हय? जोत्याखाली शिरंल."

तो आराखडा बाजूला ठेवला. पुढचा अख्खा पावसाळा मी जमेल त्या शनिवार-रविवारी साताऱ्याहून गावी गेलो आणि वही घेऊन जुनं घर नुसतं पाहत राहिलो. वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणारं घर पावसातच कळतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

पहिली गोष्ट दिसली ती घराची ठेवण. घर उताराला आडवं, लांबट आणि अरुंद होतं, म्हणून डोंगर फारसा कापावाच लागला नव्हता. मागे चर होता, दोन्ही अंगांनी पाणी खाली काढून देणारा. ताल नुसत्या दगडांचा, चुना-सिमेंट न घालता रचलेला. पाणी त्याच्या फटींतून झिरपून चरात उतरायचं. तो ढासळला कारण काही वर्षांपूर्वी आम्हीच त्याच्या दगडांमधल्या फटी सिमेंटने भरून घेतल्या होत्या आणि चरावर फरशी टाकून मोटारसायकली लावत होतो. आबांनी हे दाखवलं तेव्हा दादा आणि मी दोघेही गप्प झालो. नव्या घरात पहिला खर्च चर आणि ताल यांवर केला, जोतं नंतर.

दुसरी गोष्ट चुलीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गॅस आला, चूल परसात गेली आणि त्यानंतर दहाएक वर्षांत माळ्यावरच्या वाशांना भुंगा लागला, कपड्यांना कुबट वास यायला लागला. आई म्हणायची, घर थंड पडलं. मी ते मनाला लावून घेतलेलं बोलणं समजायचो, पण ती अगदी खरी गोष्ट सांगत होती. चुलीचा धूर कौलांच्या सांधीतून बाहेर पडताना वासे कोरडे ठेवायचा, किडा दूर ठेवायचा. चूल काढून तेच छप्पर ठेवलं तर ते कुजणारच. म्हणून आम्ही घराच्या मधोमध, स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीला लागून, धुराड्याची चूल ठेवली. स्वयंपाक गॅसवरच होतो. पावसाळ्यात मात्र संध्याकाळी दोन-तीन तास चूल पेटते, भिंत तापते आणि तिच्या वरच्या वलणीवर मुलांचे कपडे वाळतात. आढ्याखाली दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवले, म्हणजे दमट हवा वर कोंडत नाही.

कौलांवरून घरात भांडण झालं. वानरं कौलं फोडतात म्हणून गावातल्या निम्म्या घरांवर पत्रे आलेत, आणि दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूसही मिळत नाही. दादाचं म्हणणं सरळ पत्रा घालू. मला पत्र्यावरचा पाऊस नको होता, त्या आवाजात फोनवर बोलताही येत नाही. शेवटी खाली पत्रा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर जुनीच मंगलोरी कौलं असं केलं. एखादं कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, आणि आवाज कौलांत जिरतो. वासे-तुळया बऱ्याचशा पुण्यात पाडलेल्या वाड्यांच्या सागवानाच्या, जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेल्या. सुतारमामांनी प्रत्येक तुळई ठोकून, आवाज ऐकून निवडली.

लेकीला पश्चिमेची मोठी खिडकी हवीच होती. जुन्या घराला त्या बाजूने खिडकीच नव्हती, कारण झड तिकडूनच येते आणि पूर्वी त्या भिंतीला पावसाळ्याआधी गवताच्या झडी, म्हणजे आडोशाचे तट्टे, बांधायचे. पण दरी दिसते तीही तिकडूनच. उपाय पडवीने दिला. पश्चिमेला आठ फूट खोल पडवी काढली, छप्पर उतरतं ठेवून पुढची कड डोक्याच्या जरा वर आणली आणि खिडकी आतल्या भिंतीत बसवली. मेअखेरीस पडवीच्या खांबांना झडी बांधतो, दसऱ्याला सोडतो. ते चार महिने उजेड यावा म्हणून छपरात काचेची सहा कौलं आहेत.

खोल्यांची मापंही खणातच धरली, आमचा खण सव्वापाच फुटांचा. आईची खोली दोन खणांची, न्हाणीला लागून, मध्ये उंबरा नाही. तिच्या गुडघ्यांसाठी जुन्या घरातली ही एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून सोडली.

भिंतींना जुन्या घराचेच चिरे वापरले. जांभा उघड्या हवेत कठीण होत जातो, त्यामुळे इतक्या वर्षांचे चिरे नव्यापेक्षा भरवशाचे, असं आबांचं मत. इथे माझी चूक झाली. आतून भिंत गुळगुळीत हवी म्हणून मी सिमेंटचा गिलावा करून घेतला, आबा नको म्हणत असताना. पहिल्याच पावसात उत्तरेच्या खोलीत गिलाव्याला फुगे आले आणि मागे काळी बुरशी. ओल भिंतीत शिरली होती आणि तिला आत सुकायला वाट नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात सगळा गिलावा छिन्नीने काढला आणि चुन्याचा केला. पैसे दोनदा गेले, आणि आबांकडे जाऊन तसं कबूल करावं लागलं. त्यांनी फक्त चुना किती दिवस भिजवायचा ते सांगितलं.

आता नव्या घरात दोन पावसाळे झाले. उत्तरेच्या कोपऱ्यात जोत्यालगत हातभर पट्टा अजून ओला राहतो. आबा म्हणतात चराचा उतार तिथे कमी पडलाय. दिवाळीनंतर स्ट्रॉबेरीच्या कामातून दादा मोकळा झाला की तेवढा चर उकरून पुन्हा बांधायचा आहे.